बूट बाहेरच राहिले

“सगळं आलं?” बुवांनी विचारलं.

“सगळं,” विश्वंभर म्हणाला. “फाइलन् फाइल.”

“मागे काही राहिलं नाही ना?”

“बुवा...” विश्वंभर हसला. लहान मुलाच्या प्रश्नाला मोठ्यांनी हसावं, तसा. “बंगळुरात मी साडेचारशे सर्व्हर सांभाळत होतो.”

हे वाक्य उंबरदरीच्या मठात चार वर्षांत इतक्यांदा ऐकू आलं होतं, की स्वयंपाकघरातल्या गोदूताईंना साडेचारशे हा आकडा पाठ झाला होता. सर्व्हर म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हशींची एखादी जात असावी, असं त्या धरून चालल्या होत्या.

प्रकरण असं होतं. मठात तीन हजार पोथ्या. प्रत्येक पोथी लाल रुमालात बांधलेली, प्रत्येक रुमालाला नंबर. कुठल्या रुमालात काय आहे, हे फक्त मठाच्या कॉम्प्युटरला माहीत. ती यादी दामूअण्णांनी अकरा वर्षं खपून केली होती, आणि ती दाखवणारा प्रोग्रॅमही स्वतःच्या हातांनी रचला होता. पुढे दामूअण्णा गेले. तो प्रोग्रॅम पुन्हा कसा बसवायचा, तेही त्यांच्याबरोबर गेलं.

आणि आता त्यातली हार्ड डिस्क टकटक करू लागली होती. विश्वंभर म्हणाला होता, ही काही फार दिवस काढत नाही.

नवं घर बांधून त्यात सामान लावायची सोय नव्हती. आहे तेच घर भिंतींसकट, चुलीवरच्या दुधासकट उचलून नव्या डिस्कवर नेऊन ठेवायचं होतं. दूध न सांडता.

हे काम बुवांनी विश्वंभरला दिलं, कारण विश्वंभरला जायचं होतं.

पिंपळधोंडच्या लोकांनी नवा मठ बांधला होता. गादी तयार होती. वेशीवर फलकही लागला होता आणि त्यावर विश्वंभरचा फोटो होता, डोक्यामागे उजेड काढलेला. आज संध्याकाळी पाच वाजता त्याला न्यायला जीप येणार होती. कॉम्प्युटरला डबा म्हणणाऱ्या बुवांनी एकच अट घातली होती.

“आधी हा डबा हलव. मग तू हल.”

विश्वंभरची तयारी झालेली होती. एका पिशवीत कपडे, दुसरीत सात वह्या. चार वर्षांत बुवा जे जे बोलले, ते त्याने त्या वह्यांत उतरवून घेतलं होतं. बुवा शिंकले असतील तर तेही, तारखेनिशी.

तर सकाळचे दहा वाजले होते, आणि बुवा खिडकीतून बाहेर बघत होते. बराच वेळ.

“बूट?” त्यांनी एकदम विचारलं.

“बाहेर आहेत, बुवा.”

“बाहेरच राहिले?”

“हो. मठात आणायचे नसतात ना.”

“मग चालायचं कसं?”

विश्वंभरच्या अंगावर काटा आला. त्याने सातवी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: ‘बूट बाहेर राहिले, मग चालायचं कसं?’ खाली दोन रेघा मारल्या. अर्थ नंतर लावू म्हणाला. अर्थ नंतर लावायच्या वाक्यांनी चौथी वही पूर्ण भरलेली होती.

मग त्याने बटण दाबलं. डब्याने जरा घरघर केली, आणि स्क्रीनवर दामूअण्णांची यादी उभी राहिली. विश्वंभरने ११२ हा आकडा टाकला.

‘रुमाल ११२. वैद्यकाची पोथी. पाने ४१. शेवटची दोन उंदराने वाचली.’

दामूअण्णा असंच लिहायचे.

“देह नवा, आत्मा तोच,” विश्वंभर म्हणाला. हेही कुठल्या तरी वहीत होतं.

“मग मी निघायच्या तयारीला लागू ना? आणि बुवा... एक मागणं आहे.”

“माग.”

“तुमच्या पादुका. पिंपळधोंडच्या गादीवर ठेवायला. नव्या शाखेची रीतच आहे तशी.”

बुवांनी पादुकांचं ऐकलं की नाही कोण जाणे. ते डब्यापाशी वाकले होते. झाकण उघडंच होतं.

“या दोन कशाला रे?”

“एक नवी डिस्क, एक जुनी.”

“जुनी अजून आत?”

“असू दे म्हटलं. आधाराला.”

“टकटक करतेय ती.”

“करू दे, बुवा. काम सगळं नवीच करतेय.”

“अस्सं... मग जुनी काढ.”

विश्वंभरने जुनीची केबल काढली, एखाद्या निवृत्त माणसाला शाल द्यावी इतक्या आदराने तिला टेबलावर ठेवलं, आणि बटण दाबलं.

स्क्रीन काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. वर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ इतकाच, की बूट होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

विश्वंभरने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं. रेघ लुकलुकतच राहिली.

“पण... आत्ता तर चालत होती!”

“कोण?”

“ही. नवी.”

“कोण?” बुवांनी पुन्हा विचारलं. त्याच आवाजात.

विश्वंभरने जुनी पुन्हा जोडली, डबा चालू केला आणि सकाळपासून जे एकदाही तपासलं नव्हतं, ते तपासलं. मग त्याचा चेहरा असा उतरला, की आमच्यासारख्यालाही त्याची दया यावी.

नवी डिस्क सकाळपासून एक अक्षर बोललेली नव्हती. यादी जुनी दाखवत होती. ११२ नंबर जुनी सांगत होती. टकटक करत, मरत मरत, सगळं काम तीच करत होती. नवी शेजारी नुसती बसून होती, पोट भरून.

कॉम्प्युटर चालू करताना त्याला जागं करणारा एक बारीकसा तुकडा डिस्कच्या अगदी तोंडाशी असतो. कॉम्प्युटरवाले त्याला बूट म्हणतात. तो फाइलींत नसतो, त्यामुळे फाइलन् फाइल उचलली तरी तो मागेच राहतो. साडेचारशे सर्व्हरवाल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेलंच माणूस विसरतो.

एवढ्यात गोदूताई चहा घेऊन आल्या.

“काय झालं रे विश्वंभरा? तोंड का असं?”

“बूट सापडत नाही, गोदूताई.”

“अगं बाई! ते होय? मघाशीच भुऱ्या एक तोंडात धरून गेला की कडुलिंबाखाली. मी हाड् हाड् केलं, पण ऐकतोय कुठला!”

विश्वंभर गोदूताईंकडे बघत राहिला. मग बुवांकडे वळला. आणि एकदम त्याने बुवांचे पाय धरले.

“बुवा! तुम्ही सकाळीच सांगितलं होतंत! बूट बाहेर राहिले म्हणून! तुम्हाला सगळं आधीच कळलं होतं...”

“मी कुत्र्याकडे बघत होतो,” बुवा म्हणाले.

विश्वंभरने हेही लिहून घेतलं.

“भुऱ्याकडनं सोडवून आणू का तुझा बूट?” गोदूताईंनी विचारलं.

“राहू द्या,” बुवा म्हणाले. “आधी डब्याचा बसू दे.”

विश्वंभर कामाला लागला. त्याने एका पेन ड्राइव्हवरून डबा जागा केला आणि नव्या डिस्कच्या तोंडाशी बूट बसवला. एक वाजून गेला. गोदूताईंनी दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताटावर ताट झाकून ठेवलं. जुनी काढून त्याने बटण दाबलं. यावेळी नवी उठली. ओळींमागून ओळी स्क्रीनवर धावत सुटल्या. विश्वंभर ताठ झाला.

मग ओळी थांबल्या. एक आकडा उलटा मोजला जाऊ लागला. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी...

“आता काय?” बुवांनी विचारलं.

“वाट बघतेय.”

“कुणाची?”

विश्वंभरने ओठ चावला. “जुनीची.”

बुवांनी बशीतला चहा फुंकला. दुपारी दीडलाही त्यांना चहाच लागे.

“प्रत्येक डिस्कला आपला एक नंबर असतो, बुवा. घरात कोण कोण राहतं, त्याची आत एक छोटी फाइल असते. ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यात नंबर जुनीचाच राहिला.”

“म्हणजे हिला विचारलं, बाई तू कोण...”

“...तर ही जुनीचं नाव सांगते. आणि ती येईपर्यंत काही करत नाही.”

“नव्वद मोजेपर्यंत?”

“नव्वद मोजते, मग हात टेकते.”

“अरेरे,” बुवा म्हणाले. डिस्कला म्हणाले, असंच वाटलं.

विश्वंभरला वाटलं, जुनी एकदा जोडू, तिच्यातलं काही ताडून बघू. त्याने केबल लावली. बटण दाबलं.

टक... टक...

टक.

मग आवाज बंद झाला. त्याने केबल काढली, घातली, फुंकर मारली, डिस्क कानाशी धरली. काही नाही. दामूअण्णांनी अकरा वर्षं जिच्यावर काम केलं, ती डिस्क दुपारी तीन वाजता गेली.

तीन हजार रुमाल. आता ही नवी उठली नाही, तर कुठल्या रुमालात काय आहे हे बघायला एकेक गाठ सोडावी लागणार होती. आणि पाच वाजता जीप यायची होती.

“बुवा, जुनी गेली.”

“हं.”

“आता आधार नाही कसला.”

“बरं झालं,” बुवा म्हणाले. “तुझं चालू दे.”

विश्वंभरने पुन्हा पेन ड्राइव्ह लावला, ती छोटी फाइल उघडली, जुनीचा नंबर खोडला. नवीचा स्वतःचा नंबर लिहिला. लांबलचक नंबर होता. एकेक अक्षर त्याने तीनदा ताडून पाहिलं, खात्री होईना म्हणून चौथ्यांदाही. साडेचारशे सर्व्हर त्या वेळी त्याच्या कुठल्याच कामाला आले नाहीत.

मग त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

ओळी धावल्या. आकडा मोजला गेला नाही. कुणाची वाट बघितली गेली नाही. यादी उभी राहिली.

त्याने ११२ टाकला.

‘शेवटची दोन उंदराने वाचली.’

विश्वंभरला रडू कोसळलं. गोदूताई दारातून बघत होत्या, त्यांनाही पदर डोळ्यांना लावावा लागला, उंदराचं काय चाललंय ते न कळताच.

“आता कोण बोलतंय?” बुवांनी विचारलं.

“हीच, बुवा. हीच बोलतेय.”

“छान.”

खाली टेकडीच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. पाचला दहा मिनिटं होती. विश्वंभरने तोंड धुतलं, चार घास खाल्ले, दोन्ही पिशव्या खांद्याला लावल्या, आणि नमस्कार करायला आला. चेहऱ्यावर पुन्हा थोडं तेज आलं होतं. माणूस धुतल्यावर असं होतंच.

“बस जरा,” बुवा म्हणाले.

तो बसला.

“पिंपळधोंडला पहिल्याच दिवशी एक बाई आली, समज. म्हणाली, महाराज, नवरा वर्षभर माझ्याशी बोलत नाही. काय करू? तू काय सांगशील?”

विश्वंभरला हे सोपं होतं. “बुवा म्हणतात, मौन हे...”

“बुवा काढले.”

“...अं?”

“बुवा काढून टेबलावर ठेवले. आता सांग.”

विश्वंभरचा हात आपोआप पिशवीतल्या तिसऱ्या वहीकडे गेला. बुवांनी पिशवीवर आपला हात ठेवला. हात हलका होता, पण उचलला गेला नाही.

...

विश्वंभरचे डोळे तेवढे मिटत होते आणि उघडत होते. मघाच्या त्या काळ्या स्क्रीनवरच्या रेघेसारखे.

जीपने दुसरा हॉर्न दिला.

...

“मला माहीत नाही, बुवा,” तो शेवटी म्हणाला. आवाज असा, की त्याचा वाटेना.

बुवा थांबून राहिले.

“म्हणजे... माझी आई माझ्याशी बोलत नाही. मी नोकरी सोडून इथे आलो तेव्हापासून. दर रविवारी मी फोन करतो. ती उचलते. काहीच बोलत नाही. पण ठेवतही नाही. मग मीही ठेवत नाही. एकदा तर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तिकडे, तरी तिने ठेवला नाही.”

...

“त्या बाईला मी विचारीन, तो बोलत नाही म्हणून तुम्ही उठून जाता, की समोर बसून राहता? मी... मी फोन ठेवत नाही, बुवा. मला एवढंच येतं.”

हे कुठल्याच वहीत नव्हतं. सवयीने विश्वंभरने सातवी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तारीखही घातली. मग कुणाच्या नावाने लिहायचं ते कळेना, म्हणून मिटून ठेवली.

बुवांचे डोळे भरले होते, असं गोदूताईंनी नंतर दहा जणांना सांगितलं. बुवांनी एकालाही ते खोटं आहे म्हणून सांगितलं नाही.

“जा,” बुवा म्हणाले.

“जाऊ? खरंच?”

“जीप आलीय.”

“या वह्या इथेच ठेवून जाऊ का?”

“ने की. वाचायला बऱ्या असतात.”

विश्वंभर उठला. दाराबाहेर दोन पावलं गेला आणि मागे वळला. माणसाची हौस काही एका दिवसात जात नाही.

“आणि बुवा... पादुका?”

बुवांनी आपल्या पायांकडे बघितलं. तेही दाराबाहेर येऊन चपला घालत होते. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला. उजव्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेने धरून ठेवलेला.

“एवढीच जोडी आहे रे,” ते म्हणाले. “परसाकडे जायला लागते मला.”

पायरीखाली पिंपळधोंडची पाच-सहा मंडळी हार घेऊन उभी होती. पायरीवर विश्वंभरचा एक बूट होता. उजवा. चांगला महागाचा, बंगळुराच्या दिवसांतला. डावा नव्हता.

विश्वंभरने क्षणभर विचार केला, आणि त्याची मान थोडी उंच झाली.

“मी अनवाणीच जातो, बुवा,” तो म्हणाला. जरा मोठ्याने म्हणाला, हारवाल्यांना ऐकू जाईल इतपत. हारवाल्यांपैकी एकाने लगेच हात जोडले.

चपला फटक फटक वाजवत बुवा अंगण ओलांडून कडुलिंबाखाली गेले आणि भुऱ्यासमोर उकिडवे बसले. भुऱ्याने एकदा गुरगुरून पाहिलं. बुवा बसूनच राहिले. उठले नाहीत, हाड् म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने भुऱ्याने तोंड उघडलं आणि बूट खाली ठेवला.

बुवा तो घेऊन परत आले. पुढचं टोक गेलं होतं, नाडीचा पत्ता नव्हता. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने त्याची लाळ नीट पुसली. मग वाकले, आणि तो बूट विश्वंभरच्या डाव्या पायापुढे ठेवला.

“बुवा! बुवा, हे काय करताय...” विश्वंभर मागे सरकला. हारवाले हार हातात धरून तसेच उभे राहिले.

बुवांनी बूट आणखी थोडा पुढे सरकवला.

“चघळलाय जरा,” ते म्हणाले. “पण तुझा आहे. चालेल.”